अध्यक्ष साहेब, हिशोब विचारायला किती फिती लागतात?

प्रति,
अध्यक्ष, सेक्रेटरी आणि सगळी कार्यकारिणी,
आपली माजी सैनिक संघटना, सोलापूर

जय हिंद साहेब,

संघटनेचं नाव मुद्दाम टाकत नाही. सोलापुरात माजी सैनिकांच्या एकापेक्षा जास्त संघटना आहेत, बाकीच्यांचा यात काही संबंध नाही आणि मला कोणाची बदनामी पण करायची नाही. ज्यांच्यासाठी लिहितोय त्यांना दुसऱ्या पॅऱ्यातच कळेल. खरं तर हे सगळं आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच टाकणार होतो, पण ग्रुप तुम्ही 'ओन्ली अ‍ॅडमिन' करून ठेवलाय, आता तिथं फक्त गुड मॉर्निंग आणि तुमची पत्रकं येतात, मग म्हणलं इथंच लिहू, चार लोकं वाचतील.

झालं काय ते आधी सांगतो, कारण वाचणारे सगळेच काय आपले मेंबर नाहीत. कारगिल विजय दिवसाला, म्हणजे २६ जुलैला, आपण दरवर्षी कार्यक्रम करतो. यंदा माणशी ५०० रुपये वर्गणी घेतली. कार्यक्रम झाला, चांगला झाला, त्यात वाद नाही. नंतर बरेच दिवस हिशोब आला नाही म्हणून आपल्यातल्या एका रिटायर लान्स नाईकने ग्रुपवर विचारलं, "साहेब वर्गणी किती जमली, खर्च किती झाला, जमलं तर टाका." एवढंच. साहेब म्हणूनच विचारलं होतं, वाकडा शब्द एक नव्हता. त्यावर कार्यकारिणीतल्या एका सीनियर साहेबांचं उत्तर आलं, "प्रश्न विचारताना स्वतःचा रँक बघावा." तीन-चार जणांनी त्याला अंगठे टाकले. दुसऱ्या दिवशी ग्रुप बंद. आणि आठवड्याभरात पत्रक आलं, 'संघटनेतील शिस्त व प्रोटोकॉल' असं वर ठळक अक्षरात. कार्यकारिणीवर नायब सुभेदार (म्हणजे शिपाई, लान्स नाईक, नाईक, हवालदार यांच्या वरचा रँक) आणि त्याच्या वरचेच उभे राहू शकतील, ग्रुपवर नावाआधी रँक लिहायचा, कार्यक्रमाला खुर्च्या रँकप्रमाणे, कॅम्पला टोकन रँकप्रमाणे, पार्किंग-पाणी-खुर्च्या लावणे ही ड्युटी 'इतर रँक'कडे, आणि शेवटी एक ओळ, अग्निवीरांना मेंबरशिप देता येणार नाही.

मी मराठा लाइट इन्फंट्रीचा, बेळगावला ट्रेनिंग, नाईक म्हणून रिटायर. दोन फिती, म्हणजे बाहीवर रँकच्या दोन पट्ट्या. गाव मोहोळ तालुक्यातलं, राहायला आता जुळे सोलापूर, एका हॉस्पिटलमध्ये सिक्युरिटी सुपरवायझर आहे. तिथं गेटवर दिवसभर "ए वॉचमन गाडी कुठं लावू" असं ऐकायची सवय झालीय, पेशंटचे नातेवाईक टेन्शनमध्ये असतात, त्यांचं काय मनावर घ्यायचं. पण म्हणूनच सांगतो, आमच्यासारख्याला आपण काय होतो हे न सांगता कळणारी सगळ्या सोलापुरात एकच जागा होती, ती म्हणजे आपली संघटना. तिथं पण जर आम्ही 'इतर' झालो तर मग ५०० रुपये कशाचे देतोय?

आता तुम्ही म्हणाल याला रँकचं वावडं दिसतंय. अजिबात नाही. आमच्या प्लाटूनचे सुभेदार साहेब सांगलीकडं असतात, वय झालंय त्यांचं, त्यांचा फोन आला तर आजपण मी पलंगावर पडलेला असलो तरी उठून उभा राहून बोलतो, घरात सगळे हसतात. आणि हे कोणी पत्रक काढून शिकवलेलं नाही. रूट मार्चवरून आलो की आम्ही पिट्टू (पाठीवरचं ओझं) टाकून आडवे व्हायचो आणि ते टॉर्च घेऊन एकेकाचे पाय बघत फिरायचे, कोणाला फोड आलाय, कोणी लपवतोय. लंगरला, म्हणजे जवानांच्या जेवणघरात, शेवटचा जवान जेवून उठल्याशिवाय ताट घ्यायचे नाहीत. दिवाळीची सुट्टी आधी पोरांना. मग अशा माणसाने मधल्या रात्री उठवून मोर्चा (खंदक) खणायला लावला तरी कोणी तोंड वाकडं करत नव्हतं. (करत होतो, पण ते गेल्यावर.)

आणि रँक काय असतो हे आम्ही खालच्यांनी जेवढं जवळून बघितलंय तेवढं वरच्यांनी पण बघितलं नसेल. बेळगावला रिक्रूट म्हणून गेलो तेव्हा कर्नल साहेब म्हणजे लांबून जाणारी जिप्सी. देव म्हणजे उस्ताद, ट्रेनिंग देणारा. आणि उस्ताद कोण, तर एक नाहीतर दोन फितीवाला, आमच्याच सातारा-सोलापूरकडचा कोणीतरी. तो म्हणेल तेव्हा झोपायचं, म्हणेल तेव्हा पळायचं, बुटाच्या पॉलिशमध्ये त्याला स्वतःचे दात दिसले पाहिजेत. रगडा पण लय दिला त्याने. पण आम्ही दोन चक्कर मारले तर तो पण आमच्याबरोबर दोन मारायचा, शिट्टी वाजवत सावलीत उभा राहिलेला कधी दिसला नाही.

पुढं मला पहिली फीत लागली तेव्हा कळलं की लान्स नाईक म्हणजे घरातली मधली सून आहे. वरचे म्हणतात तू पोरांना आवरत नाहीस, खालचे म्हणतात फीत लागली आणि हा बदलला. कालपर्यंत ज्याच्या शेजारच्या चारपाईवर झोपलो, ज्याच्या मगातला चहा प्यालो, त्यालाच सकाळी फॉलिनमध्ये (रांगेत हजेरीला) सांगायचं की आज तू फटीगला (अंगमेहनतीच्या कामाला), आणि तो जर माझ्याआधी भरती झालेला असेल तर अजूनच अवघड, कारण शिपायांच्यात फितीच्याआधी भरतीची तारीख बोलते, एक बॅच जरी पुढं असला तरी तो सीनियर, चहाच्या टपरीवर पण तो बसल्याशिवाय आपण बसत नाही. मग यातून वाट कशी निघते? न बोलता निघते. बराकीत नाव, बाहेर रँक. बराकीत तो मला टोपणनावाने हाक मारणार, उशी फेकून मारणार, आणि परेडवर तोच माणूस कडक सावधान. ड्युटीवर मी म्हणलं इथं पोझिशन घे तर तो घेणार, का म्हणून विचारणार नाही, कारण त्याला माहितीय की गोळी आली तर त्याच्याआधी मी पुढं आहे. ज्या लान्स नाईकने पहिल्याच दिवशी "आता मला नीट हाक मारायची" असं चालू केलं त्याचं सेक्शनमध्ये पुढं काय होतं ते तुम्ही पण बघितलंय साहेब, तुम्ही पण खालूनच वर गेलाय.

तुमचं जेसीओंचंच घ्या, म्हणजे नायब सुभेदार ते सुभेदार मेजर. जवान तुम्हाला साहेब म्हणतो ते सोडा, पंचवीस वर्षाचा लेफ्टनंट पण तुम्हाला 'साहब' म्हणून बोलतो, कमांडिंग ऑफिसर पण 'सुभेदार साहब'च म्हणतो. म्हणजे फौजेत आदर वरून खाली पण येतो. बडा खाना आठवा, ऑफिसर आणि जेसीओ स्वतः हातात बादली घेऊन जवानांच्या ताटात वाढायचे. आणि संतरी! रात्री पोस्टवर उभा असलेला शिपाई "थम, कौन आता है" म्हणला की समोर कितीही मोठा साहेब असला तरी थांबावं लागतं, पासवर्ड सांगावा लागतो. तिथं त्या शिपायाच्या खांद्यावर काय आहे हे कोणी बघत नाही, पोस्ट त्याची आहे.

रेल्वेत दोन अनोळखी फौजी भेटले तर पहिला प्रश्न असतो 'कौनसी पलटन', दुसरा 'कब की भरती', आणि रँक तिसरा, तो कधी कधी विचारायचा राहूनच जातो आणि दौंड येईपर्यंत दोघांनी डबा वाटून खाल्लेला असतो.

तर आता एकेक करून माझं म्हणणं सांगतो.

सगळ्यात आधी हिशोब. बाकी सगळं यातूनच निघालंय. पलटणीत दर महिन्याला सैनिक सम्मेलन व्हायचं, जुने लोक दरबार म्हणायचे. सगळी नफरी, म्हणजे पलटणीतले सगळे जवान, बसलेली, समोर सीओ साहेब (कमांडिंग ऑफिसर), आणि शेवटी तो ठरलेला प्रश्न, "किसी का कोई पॉइंट?" आता खरं बोलायचं तर तिथं सगळेच काही पॉइंट द्यायला उड्या मारत नव्हते, सीएचएम (कंपनी हवालदार मेजर) मागून बघत असायचा आणि संध्याकाळी विचारायचा की लय बोलायलास. पण उठून विचारायची सोय होती ना? शिपाई उठून सावधान होऊन सांगायचा की साहब लंगरची भाजी खराब येते, कँटीनमध्ये अमुक सामान मिळत नाही, फॅमिली क्वार्टरचं पाणी दोन दिवस नाही. ते लिहून घेतलं जायचं आणि पुढच्या सम्मेलनला त्याचं काय झालं ते वाचून दाखवायचे. वर अर्जी देऊन इंटरव्ह्यू मागता यायचा, कंपनी कमांडरपर्यंत, तिथं नाही झालं तर सीओपर्यंत. जिथं आर्मी अ‍ॅक्ट लागू होता, जिथं उलट बोललं तर क्वार्टर गार्डची, म्हणजे पलटणीतल्या कोठडीची, हवा खावी लागायची, तिथं शिपायाला पॉइंट द्यायची जागा होती. आणि इथं, सोलापुरात, रिटायर झाल्यावर, स्वतःच्या खिशातल्या ५०० रुपयांचा हिशोब विचारायला रँक लागतो?

मला वाटतं हिशोबात काही गडबड पण नसेल. मंडप, साऊंड, नाश्ता, पुष्पचक्र, खर्च होतोच. एक कागद फोटो काढून टाकला असता तर पाच मिनिटात विषय संपला असता. पण तुम्ही उत्तर न देता प्रश्न विचारणाऱ्याची फीत मोजली, त्यामुळे आता ज्याच्या मनात काही नव्हतं त्याच्या पण मनात आलंय, आणि लोकं पार्क चौकात चहा पिताना तेच बोलायलेत.

दुसरं कार्यकारिणीचं. मी आपली घटना मागवून वाचली. त्यात मेंबर म्हणजे मेंबर आहे, वर्गणी भरलेला, एक माणूस एक मत. कुठं रँक लिहिलेला नाही. आपण नोंदणीकृत संस्था आहोत, धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसला आपले कागद जातात, हिशोब ऑडिट करावा लागतो, आणि घटनेत बदल करायचा तर सगळ्या मेंबरची सभा बोलवून ठराव घ्यावा लागतो. पत्रक काढून घटना बदलत नाही. आणि नायब सुभेदाराच्या खालचा माणूस जबाबदारी घ्यायच्या लायकीचा नाही असं जर म्हणायचं असेल तर एक आकडा सांगतो. परमवीर चक्र आजपर्यंत २१ जणांना मिळालं. त्यातले ७ जण त्या लढाईच्या वेळी नायब सुभेदाराच्या खालचे होते. नाईक जदुनाथ सिंग, लान्स नाईक करम सिंग, हवालदार मेजर पिरू सिंग, १९६५ ला असल उत्तरला पाकिस्तानी रणगाडे फोडणारे हवालदार अब्दुल हमीद, १९७१ चे लान्स नाईक अल्बर्ट एक्का, आणि कारगिलचे दोघं. आपल्या पत्रकाप्रमाणे यातला एकपण सोलापुरात कार्यकारिणीच्या निवडणुकीला उभा राहू शकला नसता. २६/११ ला कसाबची बंदूक हाताने धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे पोलिसात यायच्या आधी फौजेत होते, सिग्नल कोअरमधून नाईक म्हणून रिटायर. ते पण बाद.

कारगिलवरून आठवलं, यंदाचा बॅनर. कारगिलला चार परमवीर चक्रं मिळाली. कॅप्टन विक्रम बत्रा, कॅप्टन मनोज पांडे, ग्रेनेडियर योगेंद्र सिंग यादव, रायफलमन संजय कुमार. दोन ऑफिसर, दोन अगदी खालचे जवान, ग्रेनेडियर काय नि रायफलमन काय, आपल्या भाषेत शिपाईच. टायगर हिलच्या कड्यावर गोळ्या खाऊन पण यादव वर चढत राहिले, संजय कुमारांनी शत्रूची मशीनगन उचलून त्यांच्यावरच चालवली. आपल्या बॅनरवर फोटो कोणाचे होते? दोन कॅप्टनसाहेबांचे, आणि खाली कार्यकारिणीचे. बत्रा साहेब पांडे साहेबांबद्दल एक शब्द नाही, त्यांच्या पायाची धूळ आम्ही. पण खाली तुमच्या नऊ फोटोंना जागा झाली तिथं त्या दोघांना पण झाली असती की हो.

तिसरं, स्पर्शचा, म्हणजे फौजी पेन्शनच्या पोर्टलचा, कॅम्प. हे मला सगळ्यात जास्त लागलंय. नोव्हेंबरला जीवन प्रमाणपत्राचा कॅम्प आपण घेतला, काम खरंच चांगलं, कारण पोर्टलवर ते करणं म्हाताऱ्या लोकांना जमत नाही आणि सायबर कॅफेवाले शंभर-दोनशे घेतात. पण पत्रक यायच्या आधीच तिथं तुम्ही टोकन रँकप्रमाणे वाटली. अक्कलकोटकडच्या एका खेड्यातून एक मावशी आल्या होत्या, शिपायाच्या विधवा, पहिल्या एसटीने निघून सकाळी सगळ्यात आधी येऊन बसलेल्या. त्यांचा नंबर दुपारी जेवणं झाल्यावर लागला, तोपर्यंत मागून आलेले साहेब लोक आणि त्यांच्या मिसेस करून घरी गेल्या. वर मावशींची बोटं मशीनवर उमटेनात, शेतात खुरपून खुरपून रेषा राहिल्या नव्हत्या, परत दोनदा तीनदा करावं लागलं, आणि परतीची गाडी चुकली. साहेब, रँकचा फरक सरकारने पेन्शनमध्ये दिलाय की. शिपायाच्या विधवेची फॅमिली पेन्शन सुभेदार साहेबांच्या घरच्यांपेक्षा कमीच असते, तो हिशोब तिकडं झालेला आहे, त्यावर आम्ही कधी काही बोललो नाही. आता प्लॅस्टिकच्या खुर्चीवर किती वेळ बसायचं ते पण नवऱ्याच्या रँकवर ठरवायचं का?

तेच वीरनारींचं. गेल्या कार्यक्रमात शिपायाची वीरपत्नी चौथ्या रांगेत होती आणि पहिल्या रांगेत सोफ्यावर नगरसेवकाचे कार्यकर्ते. यावर जास्त लिहीत नाही, लिहिलं तर भाषा घसरेल.

खुर्च्या लावायच्या ड्युटीबद्दल. खुर्च्या उचलायला आम्हाला कमीपणा नाही, आयुष्यभर फटीग केलंय, हॉस्पिटलमध्ये स्ट्रेचर पण ओढतो. पण साठी ओलांडलेला हवालदार उन्हात पार्किंगला उभा आणि पंचेचाळिशीतले नायब सुभेदार पंख्याखाली बसलेले, हे आपल्या घरात चालतं का? आपण गावाकडची माणसं, वयाने मोठा दिसला की आपण आपोआप सरकून जागा देतो. फौजेत वयाला बाजूला ठेवून रँक बघावा लागायचा कारण तिथं ऑर्डरला काम होतं. मंगल कार्यालयाच्या पार्किंगमध्ये कसली ऑर्डर आहे?

आणि १२ जानेवारीचं तर मला हसावं का रडावं कळेना. पत्रकात लिहिलंय की चार हुतात्मा पुतळ्यांना हार घालताना क्रम रँकप्रमाणे राहील. अहो, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, १९३० ला याच सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला या चौघांना येरवड्यात फाशी दिली. कोणाकडं कसला रँक होता? ज्या मिलिटरी राजवटीने त्यांना पकडलं तिच्याकडं होते सगळे रँक. आणि आपण त्यांच्या पुढ्यात सुभेदार मेजर आधी का सुभेदार आधी यावर लाईन लावणार. जो आधी आला तो आधी हार घालेल, सोलापूरची बाकीची जनता तसंच करते.

अग्निवीरांचं जरा सविस्तर लिहितो, कारण यात तुमची बाजू पण मला माहितीय. तुम्ही म्हणता घटनेत 'माजी सैनिक' लिहिलंय, आणि २०२२ च्या योजनेत चार वर्ष करून येणाऱ्या अग्निवीराला माजी सैनिकाचा दर्जा नाही. बरोबर आहे. योजनेत त्यांचा रँकच वेगळा ठेवलाय, आधीच्या कुठल्याच रँकमध्ये न बसणारा, बिल्ला पण वेगळा. चार वर्ष झाली की जास्तीत जास्त २५ टक्के कायम, बाकीचे सेवा निधी घेऊन घरी, पेन्शन नाही. म्हणजे त्या पोराचं पलटणीतच बघा, शिपाई तर आहे पण शिपाई म्हणून नाव नाही, सीनियर त्याला आपला धरतात का पाहुणा धरतात हे सगळं त्या त्या सेक्शनमधल्या लान्स नाईक-नाईकवर असतं, चांगला मिळाला तर पोरगं घडतं. पहिली बॅच २०२३ च्या सुरुवातीला ट्रेनिंगला बसली, म्हणजे चार वर्ष धरली तर २०२७ च्या सुरुवातीला त्यांची मुदत संपते. आपल्या बार्शी, माढा, करमाळा, सांगोल्यातली पोरं त्यात आहेत. विशी-पंचविशीतली पोरं परत येणार, हातात एकदम पैसे, डोक्यात पलटण, आणि गावात विचारायला कोणी नाही. सरकारचा नियम सरकार बघेल. संघटना आपण काढलीय, आपल्याला सहयोगी मेंबर करायला कोणी अडवलंय? पोलीस भरती, एसआरपीएफ, बँकेचं गार्ड, कुठला फॉर्म कधी निघतो, पैसे कुठं ठेवायचे, हे त्यांना आपण नाही सांगायचं तर कोणी?

आणि ग्रुपवर त्यांना कोणीतरी 'कंत्राटी' म्हणलं तेव्हा कोणी काही बोललं नाही हे पण मी वाचलंय. ऑक्टोबर २०२३ ला सियाचिनला आपल्या बुलडाणा जिल्ह्यातला एक अग्निवीर ड्युटीवर असताना वारला. तिथली थंडी रँक विचारत नाही हे आपल्यातल्या किती जणांना माहितीय, हात वर करायला लावू नका.

तुमचं एक म्हणणं असेल की असं सगळं मोकळं सोडलं तर शिस्त मोडेल, उद्या कोणीही उठून काहीही बोलेल. बोलेल की. एखादा आगाऊ पण बोलेल, आहेत आपल्यात तसे, मला पण नावं माहितीयत. त्याला सभेत उत्तर द्या, नोंदवहीत लिहा, ऐकत नसेल तर सभेनेच गप्प करावं. आर्मी अ‍ॅक्ट आता कोणालाच लागू नाही, ना मला ना तुम्हाला. आता आम्ही जे 'जय हिंद साहेब' म्हणतो ते कोणाच्या भीतीने नाही, मनाने म्हणतो, आणि पुढं पण म्हणणार आहे. फक्त ते पत्रकात घालू नका, म्हणायची इच्छा जाते.

मागण्या साध्या आहेत, एकेक ओळीत लिहितो म्हणजे मीटिंगमध्ये वाचायला सोपं.

कारगिल दिवसाच्या वर्गणीचा जमाखर्च बिलांसकट ग्रुपवर टाका, आणि इथून पुढं प्रत्येक कार्यक्रमानंतर पंधरा दिवसात टाकत जा.

ते 'शिस्त व प्रोटोकॉल' पत्रक पूर्ण मागं घ्या. कार्यकारिणीला कुठलाही वर्गणीदार मेंबर उभा राहू शकतो हे लेखी द्या. बदलायचंच असेल तर सर्वसाधारण सभा बोलवा, मतदान घ्या, आम्ही हरलो तर हरलो.

ग्रुप उघडा. आणि तीन महिन्यातून एकदा सम्मेलनसारखी बैठक ठेवा जिथं कोणीपण उभं राहून पॉइंट देईल आणि पुढच्या बैठकीत त्याचं उत्तर वाचलं जाईल.

कॅम्पला टोकन येईल त्या क्रमाने. फक्त विधवा, ऐंशीच्या पुढचे आणि अपंग जवान यांना आधी, मग ते सुभेदार मेजर असोत नाहीतर शिपाई.

कार्यक्रमात पहिली रांग वीरनारींची आणि शहिदांच्या आईवडिलांची. ती भरल्यावर उरलेल्या खुर्च्यांवर तुम्ही कसंपण बसा. कामाच्या ड्युट्या चिठ्ठ्या टाकून, कार्यकारिणीच्या चिठ्ठ्या त्यात धरून.

परत येणाऱ्या अग्निवीरांना सहयोगी मेंबर करा, मत नको द्या हवं तर, पण दार उघडं ठेवा, आणि त्यांच्या मार्गदर्शनाची जबाबदारी आम्हा नाईक-हवालदारांकडं द्या, आम्ही फुकट करतो.

आणि ज्या लान्स नाईकला "रँक बघावा" असं लिहिलं गेलं त्याला त्याच ग्रुपवर, ज्या साहेबांनी लिहिलं त्यांनीच, दोन ओळी लिहाव्या. माफी वगैरे मोठे शब्द नकोत. "तुझा प्रश्न बरोबर होता, हा घे हिशोब" एवढं पुरे.

माझं नाव खाली लिहीत नाही कारण मग चर्चा पत्रावर न होता माझ्यावर होईल, पण तुम्हाला हे कोणी लिहिलंय ते कळलं असणारच. पुढच्या रविवारची मीटिंग आहे, त्या दिवशीची ड्युटी मी बदलून घेतलीय. मागच्या रांगेत बसेन, आणि 'इतर विषय' आला की हात वर करेन.

आपला,
एक रिटायर नाईक
मराठा लाइट इन्फंट्री
जुळे सोलापूर